साहेबांनी पुन्हा उभं राहावं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी एका देशाच्या सर्वोच्च नेत्याच्या कार्यालयात बरीच वर्षं काम करतो. देशाचं किंवा त्यांचं नाव लिहीत नाही. तुम्हीही अंदाज छापू नका, ही विनंती. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणतो. त्यांची मुदत संपत आली आहे आणि घटनेप्रमाणे त्याच पदासाठी त्यांना पुन्हा उभं राहता येत नाही. जुन्या मतदारसंघातले कार्यकर्ते मागे लागलेत की संसदेची जागा लढवा. नव्या नेत्याची निवड आणि संसदेची निवडणूक एकाच वेळी आहे, म्हणजे अर्ज भरायचा तर पदावर असतानाच भरावा लागेल. घरून विरोध आहे. पक्षात काहींना ते हवेत, काहींना अडचण वाटते. विरोधक म्हणतात, हा सगळा खटाटोप चौकशी टाळण्यासाठी आहे. परवा काम आटोपल्यावर साहेबांनी मला थांबवून विचारलं, "तू इतकी वर्षं जवळून पाहतोयस. लढू की नको? मला बरं वाटेल ते सांगू नकोस." मी विचार करायला वेळ मागून घेतला. इतक्या मोठ्या खुर्चीवरून उठून साध्या सदस्याच्या बाकावर बसणं त्यांना शोभेल का? मी काय सांगू?

– एक सहकारी

प्रिय सहकारी,

माझं मत आधी सांगून टाकते. या निवडणुकीत, पदावर असताना, साहेबांनी अर्ज भरू नये. पण 'आता राजकारण पुरे, आत्मचरित्र लिहा आणि नातवंडांत रमा' असंही तुम्ही त्यांना सांगू नका. खुर्ची सोडून काही काळ गेल्यावर, त्या सभागृहातच होऊ शकेल असं एखादं नेमकं काम त्यांच्या मनात असेल, तर त्यांनी जरूर उभं राहावं. तेव्हा तुम्ही त्यांच्यासोबत दारोदार फिरावं.

'शोभेल का' हा प्रश्न तुमच्या पत्रात शेवटी आला आहे, पण मनात तोच पहिला असावा. तो मिटल्याशिवाय बाकीचा विचार नीट व्हायचा नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

देश चालवलेल्या माणसानं साधा सदस्य होण्यात कमीपणा आहे, असं मानणाऱ्यांच्या मनात अजून राजा बसलेला असतो. गादीवरून उतरलेल्या राजाला दुसरं पद उरत नाही. निवडून आलेला नेता मात्र मुदत संपली की नागरिक होतो, आणि कोणत्याही नागरिकाला जी निवडणूक लढवता येते ती त्यालाही लढवता येते. माझ्या मनातली ही शंका कायमची फिटली ती जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्यामुळे.

अ‍ॅडम्स हे अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष. वडीलही राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. १८२८ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांनी त्यांना हरवलं आणि १८२९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या घरी परतले. पदावरची चार वर्षं फारशी फळली नव्हती. त्यांच्या बहुतेक योजना संसदेनंच अडवल्या होत्या. वर्ष-दीड वर्षात त्यांच्या भागातल्या मंडळींनी प्रतिनिधिगृहाच्या जागेबद्दल विचारलं. पत्नी लुईझा आणि मुलगा चार्ल्स या दोघांनाही ते मान्य नव्हतं. तुमच्या साहेबांच्या घरी आज जे चाललंय तेच तिथेही चाललं होतं. अ‍ॅडम्स यांचं म्हणणं असं की, लोकांचा प्रतिनिधी म्हणून, किंवा लोकांनी निवडलं तर अगदी गावच्या कारभारी मंडळातही काम केल्यानं कोणी हलकं होत नाही. आपण मतं मागत फिरणार नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. १८३० मध्ये ते निवडून आले. राष्ट्राध्यक्ष झालो तेव्हा याच्या निम्मंही समाधान लाभलं नव्हतं, अशा अर्थाचं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

पुढची सतरा वर्षं, मरेपर्यंत, ते त्या सभागृहात होते. गुलामगिरीविरुद्ध लोक सह्या करून अर्ज पाठवत. हे अर्ज चर्चेला न घेता बाजूला ठेवायचे, असा ठराव सभागृहानं १८३६ मध्ये केला. अ‍ॅडम्स यांचा आक्षेप अगदी साधा होता: सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क घटनेनं दिला आहे, तो बहुमतानं काढून घेता येत नाही. मग ते दरवर्षी उठून अर्ज मांडायचे, अध्यक्ष त्यांना बसवायचे, आणि ते नियमातली दुसरी वाट शोधून पुन्हा उभे राहायचे. १८४२ मध्ये त्यांच्यावर निंदेचा ठराव आणला गेला. स्वतःचा बचाव करण्याचा हक्क मिळताच त्यांनी तो वापरून ज्या विषयावर बोलायला बंदी होती त्याच विषयावर दिवसेंदिवस भाषण केलं. शेवटी सभागृहानं तो ठरावच बाजूला ठेवला. तो मुस्कटदाबीचा नियम डिसेंबर १८४४ मध्ये रद्द झाला. मध्यंतरी १८४१ मध्ये आमिस्टाड जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली आणि ते लोक सुटले. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी सभागृहात आपल्या जागेवरच ते कोसळले आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत, अध्यक्षांच्या दालनात वारले. वय ८०.

हे इतकं सविस्तर सांगितलं ते एका कारणासाठी. अ‍ॅडम्स यांनी तिथे जे केलं ते राष्ट्राध्यक्षाला करताच आलं नसतं. लोकांचा अर्ज सभागृहात मांडणं हा सदस्याचा अधिकार आहे, सर्वोच्च नेत्याचा नाही. त्या बाकाचं स्वतःचं असं काम होतं, आणि ते त्यांनी आनंदानं केलं. म्हणून साहेबांना तुम्ही एकच प्रश्न विचारावा असं मला वाटतं: "तिथे जाऊन आपण नेमकं काय करणार?"

उत्तर नीट ऐका. 'अमुक कायदा माझ्या काळात अर्धवट राहिला, तो समितीत बसून कलमवार पुरा करायचा आहे' असं काही ते म्हणाले, तर ते काम झालं. 'या नदीखोऱ्यातल्या विस्थापितांचा प्रश्न कोणी मांडत नाही, तो मी मांडेन' म्हणाले, तर तेही काम झालं. पण 'लोकांचा आग्रह आहे', 'अनुभव वाया जाऊ नये', 'पक्षाला माझी गरज आहे' एवढंच येत असेल, तर थांबा. ही वाक्यं खोटी असतात असं माझं म्हणणं नाही. कार्यकर्त्यांचं प्रेम खरंच असतं. पण त्यांतलं एकही वाक्य सोमवारी सकाळी सभागृहात गेल्यावर हातात काय घ्यायचं ते सांगत नाही. शिवाय कार्यकर्त्यांच्या आग्रहात त्यांची स्वतःची गणितंही असतात. साहेब उभे राहिले की मतदारसंघातली तिकिटाची भांडणं मिटतात, वर्गणी गोळा होते, आजूबाजूच्या दोन-चार जागांना हात मिळतो. यात गैर काही नाही, पण ही पक्षाची सोय झाली.

मग त्यांना तिथला दिवस डोळ्यांसमोर आणायला सांगा. बोलायला मोजकी मिनिटं मिळतील आणि घंटा वाजली की वाक्य अर्धं टाकून खाली बसावं लागेल. आज जे मंत्री त्यांना पाहून उठून उभे राहतात, ते उद्या त्यांच्या प्रश्नाला दोन ओळींचं लेखी उत्तर देतील. समितीच्या बैठकीत त्यांच्या निम्म्या वयाची सदस्य अध्यक्षस्थानी असेल आणि त्यांचा मुद्दा विषयाबाहेरचा ठरवेल. ज्याला त्यांनी स्वतः पुढे आणलं त्या नव्या नेत्याचा पक्षादेश त्यांना पाळावा लागेल, अगदी आपलाच एखादा निर्णय फिरवला जात असतानाही. मतदारसंघातला माणूस गटाराचं, बदलीचं, दाखल्याचं काम घेऊन येईल आणि ते ऐकून घ्यावं लागेल. हे सगळं ऐकून साहेबांचा चेहरा खुलला तर ते त्या कामासाठीच आहेत. कपाळाला आठी पडली तर तुम्हाला उत्तर मिळालं.

एडवर्ड हीथ ब्रिटनचे पंतप्रधान होते. १९७५ मध्ये पक्षाचं नेतृत्व मार्गारेट थॅचर यांच्याकडे गेलं. त्यानंतर हीथ २००१ पर्यंत, म्हणजे आणखी २६ वर्षं, सभागृहात बसून होते. या काळात ते काही बरंही बोलले असतील, पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा रुसवा. हा माणूस बोलायला उठला की विषय कोणताही असो, ऐकणारा त्यात जुना हिशेब शोधायचा. त्याच सभागृहात थेरेसा मे यांनी २०१९ मध्ये पंतप्रधानपद सोडल्यावर जवळपास पाच वर्षं मागच्या बाकावर काढली. गृहमंत्री असताना आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा २०१५ चा कायदा त्यांनी आणला होता. त्या कायद्याचं संरक्षण स्वतःच्याच पक्षाचं सरकार पातळ करतंय असं दिसलं तेव्हा त्या उठून बोलल्या. बाक दोघांचे सारखेच होते. मे यांच्या हातात काम होतं, हीथ यांच्या मनात सल होता.

सल घेऊन निवडणूक लढवणाऱ्यांत मला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन सर्वांत जास्त आठवतात. १८६८ मध्ये त्यांच्यावरचा महाभियोग सिनेटमध्ये एका मतानं फसला. पद गेल्यावर त्यांनी १८६९ मध्ये सिनेटसाठी प्रयत्न केला, हरले. १८७२ मध्ये प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले, हरले. १८७५ मध्ये अखेर सिनेटर होऊन ज्यांनी आपला न्याय केला त्याच सभागृहात ते परतले आणि जुलैअखेर वारले. काहींना ही जिद्दीची गोष्ट वाटते. मला वाईट वाटतं, कारण त्या सहा वर्षांत मिळवलेलं त्यांनी लोकांसाठी काही वापरलं असं दिसत नाही. साहेबांच्या मनात असा एखादा हिशेब आहे का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. असेल तर त्यावर बोला. तो चुकता करण्यासाठी मतदारांची पाच वर्षं वापरू नका.

आपल्याकडचं एक उदाहरण मला मनापासून आवडतं. चंद्रशेखर जेमतेम सात महिने पंतप्रधान होते, १९९० ते १९९१. त्यानंतर पाठीशी मोठा पक्ष नसताना ते बलियातून निवडून येत राहिले आणि २००७ मध्ये वारले तेव्हाही लोकसभेचे सदस्य होते. १९९५ मध्ये त्यांना उत्कृष्ट संसदपटू म्हणून गौरवण्यात आलं. माजी पंतप्रधान हे बिरुद त्यांना सभागृहात कधी आडवं आलं नाही.

म्हणजे पायरी उतरण्याला माझी हरकत नाही. पायरी संसदेचीच असायला हवी असंही नाही. बेनिनचे माजी राष्ट्राध्यक्ष निसेफोर सोग्लो २००३ ते २०१५ कोतोनू शहराचे महापौर होते. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ १९८१ मध्ये हरले आणि पुढच्याच वर्षी आपल्या भागातल्या जिल्हा परिषदेवर निवडून गेले. पुढे १९८६ ते २००४ ते ओव्हेर्न प्रांताच्या परिषदेचे अध्यक्ष होते. फ्रान्समध्ये माजी राष्ट्राध्यक्षाला घटना परिषदेत, म्हणजे कायदे घटनेत बसतात का ते तपासणाऱ्या मंडळात, आपोआप तहहयात जागा असते. ती समोर असताना या माणसानं प्रांताचे रस्ते आणि शाळा निवडल्या. साहेबांना सभागृहातल्या वादावादीपेक्षा काहीतरी उभं करण्यात रस असेल, तर हाही रस्ता त्यांच्या कानावर घाला.

माझी हरकत आहे ती वेळेला.

साहेबांच्या परिस्थितीला सर्वांत जवळचं उदाहरण फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या ग्लोरिया मकापागाल-अरोयो यांचं. तिथल्या १९८७ च्या घटनेनं राष्ट्राध्यक्षाच्या फेरनिवडीला बंदी घातली आहे. ३० नोव्हेंबर २००९ रोजी, मुदत संपायला सात महिने असताना, त्यांनी पांपांगा प्रांतातल्या दुसऱ्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहासाठी उभं राहत असल्याचं जाहीर केलं. ती जागा त्यांच्या मुलाची होती, तो बाजूला झाला. उमेदवारी कायद्यात बसत होती, आक्षेप टिकले नाहीत, आणि मे २०१० मध्ये त्या सहज निवडून आल्या. पण त्या काळात त्या मतदारसंघात सरकारचा पैसा गेला की तो प्रचाराचा पैसा अशी टीका झाली. त्या सभापती होणार, घटना बदलून संसदीय पद्धत आणणार आणि पंतप्रधान होणार, असा संशय उघड बोलला गेला. तो खरा होता की खोटा, याला आता महत्त्व नाही. पदावर बसून अर्ज भरला की असा संशय खोडून काढायला जागाच उरत नाही.

समोरच्या उमेदवाराच्या बाजूनं एकदा पाहा. त्याच्या सभेला परवानगी देणारा अधिकारी, बंदोबस्ताला आलेला पोलीस, मतदान केंद्रावरचा कर्मचारी, सगळे अखेर त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाताखालचे. साहेबांनी एकालाही फोन केला नाही तरी तो अधिकारी मनात घाबरणारच. ताफा, विमान, सुरक्षा हे सगळं त्यांच्यासोबत फिरणार आणि त्यातला सरकारी खर्च कुठला, निवडणुकीचा कुठला, हे वेगळं काढणं कोणत्याही हिशेबनिसाला जमायचं नाही. साहेब प्रामाणिक आहेत असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्राच्या सुरावरून तुम्ही तसं मानता हे कळतं. मग त्यांच्या प्रामाणिकपणाला अशा जागी उभं करू नका जिथे तो कोणालाच दिसणार नाही.

याला अपवाद आहे, तोही सांगायला हवा. उरुग्वेचे होसे मुहिका राष्ट्राध्यक्ष असतानाच ऑक्टोबर २०१४ मध्ये सिनेटवर निवडून आले आणि मार्च २०१५ मध्ये पद सोडून तिथे गेले. पण उरुग्वेच्या घटनेनं राष्ट्राध्यक्षाला प्रचारात भाग घ्यायला मनाई केली आहे, आणि तिथे पक्षाच्या याद्यांना मतं पडतात, एका मतदारसंघात एका प्रतिस्पर्ध्यासमोर उभं राहायचं नसतं. तुमच्या देशात अशी बंधनं असतील तर माझा आक्षेप बराच सौम्य होईल. पत्रावरून मात्र तसं दिसत नाही.

वेळेचा दुसरा भाग नव्या नेत्याचा. त्याच निवडणुकीत नवा माणूस देशापुढे जाणार आहे. साहेब उभे राहिले तर वर्तमानपत्रांचे मथळे कोणाचे असतील? नव्या माणसाला प्रत्येक सभेत विचारलं जाईल की, कारभार तुम्ही चालवणार की ते. डेव्हिड कॅमेरॉन यांनी २०१६ च्या जुलैत ब्रिटनचं पंतप्रधानपद सोडलं तेव्हा मागच्या बाकावर राहण्याचा मनोदय सांगितला होता. दोन महिन्यांत त्यांनी खासदारकीही सोडली. आपल्या तिथे असण्यानं नव्या सरकारच्या कामावरून लोकांचं लक्ष उडेल, असं त्यांचं कारण होतं. आणि हा विचार अजिबातच केला नाही तर काय होतं, ते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१२ मध्ये दाखवलं. स्वतः निवडलेल्या वारसाविरुद्ध, टॅफ्ट यांच्याविरुद्ध, ते वेगळा पक्ष घेऊन उभे राहिले. दोघांची मतं फुटली आणि वुड्रो विल्सन निवडून आले. साहेब काही त्याच पदासाठी लढत नाहीत, हे मला कळतं. पण आपण गेल्यावर वारसाला मोकळा श्वास घेऊ द्यायचा की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

आता चौकशीबद्दल. या मुद्द्यावर तुम्ही फार सावधपणे लिहिलं आहे, त्यामुळे त्याची टोचणी तुम्हालाही आहे असं मला वाटतं. साहेबांना कोणी सांगितलं असेल की सदस्यत्व म्हणजे ढाल, तर ते कायद्याच्या जाणकाराकडून तपासून घ्या. आपल्याकडे लोकांना वाटतं की खासदाराला अटकच होत नाही. प्रत्यक्षात भारतात ते संरक्षण फक्त दिवाणी प्रकरणांत, अधिवेशनात आणि त्याच्या मागेपुढे ४० दिवस असतं. फौजदारी गुन्ह्यात नाही. फिलिपिन्समध्ये सहा वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला ते संरक्षण लागू नाही. अरोयो यांना नोव्हेंबर २०११ मध्ये अटक झाली तेव्हा त्या निवडून आलेल्या सदस्यच होत्या. त्यांची सुटका झाली ती जुलै २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यावरचा खटला रद्द केल्यावर. सुटका न्यायालयातून आली, सदस्यत्वातून आली नाही. पुढे २०१८ मध्ये त्या सभापतीही झाल्या.

साहेबांना चौकशीची भीती असेल तर त्यांनी वकील नेमावा, कागदपत्रं नीट लावून ठेवावीत आणि विचारलं जाईल तेव्हा सामोरं जावं. भीती नसेल तर याहून सोपं काही नाही: साधा नागरिक म्हणून काही काळ सगळ्यांना उपलब्ध राहावं. तो काळ गेल्यावर जर ते उभे राहिले तर विरोधकांचा हा आरोप आपोआप गळून पडेल.

'वेळ गेली तर लोक विसरतील' असं कार्यकर्ते म्हणतील. विसरतीलही. पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष लेख वावेंसा, ज्यांनी एक राजवट उलथवली, त्यांना २००० सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेमतेम १ टक्का मतं पडली. एच. डी. देवेगौडा पंतप्रधानपदानंतर १९९९ मध्ये स्वतःच्या हासनमध्ये हरले, मग २००२ मध्ये कनकपुराच्या पोटनिवडणुकीतून पुन्हा लोकसभेत आले. हरण्याची तयारी नसेल तर लढूच नये. पण पदाचं वलय अंगावर असताना जिंकून घेतलेल्या जागेपेक्षा, वलय उतरल्यावर मागून मिळालेली जागा मला कितीतरी मोलाची वाटते. तेव्हा मत पडेल ते त्या माणसाला.

एक मोह साहेबांना होऊ शकतो, नियुक्तीचा. निवडणूक टाळून वरिष्ठ सभागृहात किंवा एखाद्या पदावर जाण्याचा. राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, भारताचे शेवटचे गव्हर्नर जनरल. १९५२ मध्ये ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले ते विधान परिषदेवर नियुक्त होऊन, निवडणूक न लढवता. त्यांची योग्यता कोणी नाकारत नव्हतं, पण 'लोकांनी निवडलेले नाहीत' हा आक्षेप सोबत राहिला, आणि शाळांबाबतच्या त्यांच्या योजनेवर वादळ उठलं तेव्हा तो जास्तच बोचला. १९५४ मध्ये ते पायउतार झाले. साहेबांना परत यायचंच असेल तर मतपेटीतून यावं.

घरच्यांच्या विरोधाबद्दल मी फार लिहीत नाही. त्यांनी इतकी वर्षं हा माणूस देशाला दिला आहे, त्यांना आता तो हवा असेल तर त्यात समजून घेण्यासारखंच सगळं आहे. फक्त ते विरोध का करतात हे साहेबांनी एकदा शांतपणे विचारावं. तब्येतीची काळजी असेल तर ती डॉक्टरांपुढे मांडावी. उरुग्वेचे मुहिका आणि तिथलेच दुसरे माजी राष्ट्राध्यक्ष सांगिनेत्ती, एकमेकांचे आयुष्यभराचे विरोधक, यांनी २० ऑक्टोबर २०२० रोजी एकाच दिवशी सिनेटचा निरोप घेतला आणि सभागृहात एकमेकांना मिठी मारली. महासाथीच्या दिवसांत आजारी शरीरानं लोकांत जाता येत नाही, मग सिनेटरचं काम कसं करणार, असा मुहिकांचा विचार होता. साहेब पुढे कधी निवडून आले तर थांबायचं कधी, हे त्यांनी घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

आता तुमच्याबद्दल. साहेब निवडून आले तर तुमची नोकरी टिकते, नाही तर बहुधा जाते. पत्रात तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण साहेबांशी बोलताना सुरुवात तिथूनच करा: "माझा यात स्वार्थ आहे, तो धरून माझं म्हणणं ऐका." हे बोलून टाकलं की पुढचं सगळं मोकळेपणानं बोलता येईल. मग तो कामाचा प्रश्न विचारा आणि गप्प राहा, उत्तर तुम्ही पुरवू नका. त्यानंतर तुमचं मत सांगा, माझं नव्हे. भेटीनंतर तेच एका पानावर लिहून त्यांच्या हातात द्या. अशा माणसांभोवती रोज शंभर आवाज असतात आणि बोललेलं संध्याकाळपर्यंत पुसलं जातं.

त्यांचा निर्णय नकाराचा असेल तर तो लवकर आणि जाहीर सांगायला लावा. त्या मतदारसंघात साहेबांकडे बघत थांबलेला कोणीतरी तरुण कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती असणार, त्यांना तयारीला वेळ मिळायला हवा. अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत 'पाहू, ठरवू' चालू राहिलं तर त्या जागेवरच्या प्रत्येकाचं नुकसान होईल.

आणि इतकं सगळं ऐकूनही त्यांनी याच वेळी लढायचं ठरवलं, तर तुमच्या देशाचा कायदा परवानगी देत असल्यास प्रचाराच्या काळापुरता कारभार उपनेत्याकडे सोपवायला सांगा, मतदारसंघातल्या बदल्या आणि नव्या कामांच्या मंजुऱ्या थांबवायला सांगा, सरकारी गाडी-विमानानं तिथे जाऊ नका म्हणावं. तुम्ही स्वतः प्रचारात उतरणार असाल तर सरकारी नोकरीचा राजीनामा आधी द्या, तोही लेखी, आणि मगच पहिल्या सभेला जा.

– तुमची ताई